सहावे कूळ

सोमाली मुलाला नीट बोलता येऊ लागले की घरातली वडीलधारी माणसे त्याच्याकडून बापजाद्यांची नावे घोकून घेतात. स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे, असे मागे मागे जात थेट कुळाच्या मूळपुरुषापर्यंत. या मोजणीला अब्तिर्सी म्हणतात. ती मुलींनाही पाठ असते. मात्र त्या सबंध नामावळीत बाईचे नाव कुठेच येत नाही.

ही नुसती पाठांतराची हौस नव्हे. कोणत्या विहिरीवर आपल्या उंटांना पाणी मिळेल, भांडण पेटले तर पाठीशी कोण उभे राहील, आपल्या हातून खून झाला तर भरपाईचे उंट कोण गोळा करील, हे सारे त्या नावांवरून ठरत आले. रिवाजाप्रमाणे पुरुषाच्या जिवाची भरपाई शंभर उंट आणि बाईच्या जिवाची पन्नास. आय. एम. लुईस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९६१ साली या समाजावर जो ग्रंथ लिहिला त्याला ‘अ पास्टोरल डेमॉक्रसी’ असे नाव दिले. राजा नाही, सरदार नाही, झाडाखाली सभा भरते आणि प्रत्येक प्रौढ पुरुषाला तिथे बोलता येते, हे पाहून तो प्रभावित झाला होता. त्या सभेत बाईला जागा नव्हती.

अशा समाजातल्या काही स्त्रियांनी २००० साली भर शांतता परिषदेत जाहीर केले की आम्हीही एक कूळ आहोत, तुमच्या पाच गटांनंतरचे सहावे. आशा हाजी एल्मी त्यांच्या पुढारी होत्या. परदेशी मदतसंस्थांनी शिकवलेली ही घोषणा, असे तिच्याबद्दल सर्रास म्हटले गेले. मला ते पटत नाही. या कुळाचीही मोजणी मागे नेता येते, आणि ती नेली तर वाटेत सोमाली बायकांचीच नावे लागतात.

सुरुवात लग्नापासून करावी लागेल. आपल्याकडे मुलगी सासरी गेली की तिचे गोत्र बदलते, नावही बदलण्याची पद्धत आहे. सोमाली मुलीचे तसे होत नाही. ती मरेपर्यंत वडिलांच्या आणि आजोबांच्या नावाने ओळखली जाते, माहेरच्याच कुळाची राहते. तिची मुले मात्र नवऱ्याच्या कुळाची. शिवाय गुराखी टोळ्यांत लग्ने शक्यतो लांबच्या घराण्यांत करण्याकडे कल, कारण त्यामुळे नव्या कुरणांवर आणि पाणवठ्यांवर सोयरीक तयार होते. परिणाम असा की जवळपास प्रत्येक तंबूत दोन कुळे नांदतात. शांततेच्या काळात हाच या समाजाचा मोठा आधार. दोन कुळांत युद्ध भडकले की दोन्हीकडे ये-जा करू शकणारी एकटी बाईच. निरोप तिने न्यायचा, पहिला शब्द तिने टाकायचा. वाटाघाटी सुरू झाल्या की तिने बाजूला व्हायचे.

याच रिवाजाची दुसरी बाजू भीषण आहे. रक्ताचे वैर मिटवताना उंटांबरोबर एक मुलगीही द्यायची प्रथा होती. मारणाऱ्याच्या कुळातली मुलगी मेलेल्याच्या कुळात दिली जाई. तिला कोणी विचारत नसे. जिच्या शरीरावर तह लिहिला जाई तिचा त्या तहात आवाज नव्हता. सहाव्या कुळाच्या मागणीकडे पाहताना ही मुलगी डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे, नाहीतर त्या बायका संसदेतल्या खुर्च्यांसाठी भांडत होत्या एवढेच दिसते.

आवाज अगदीच नव्हता असेही नाही. सोमालिया हा कवितेचा देश. तिथे युद्धे कवितेने भडकली आणि कवितेने शमली. पुरुषांचा मानाचा प्रकार गबय, बायकांचा बुरान्बुर. बायकांनी चटया विणताना, लग्नात, बाळंतपणात, भांडणात आणि राजकारणातही बुरान्बुर रचले. पण गबय पाठ करून गावोगाव नेणारे निवेदक होते, बुरान्बुरला ते फारसे लाभले नाहीत. पुढे पाश्चात्त्य अभ्यासक ध्वनिमुद्रक घेऊन आले, त्यांनीही आधी पुरुषांनाच गाठले. झैनब मोहम्मद जामा यांनी १९९१ साली सोमाली स्त्रियांच्या कवितेवर लिहिलेल्या निबंधात हे दुखणे नेमके मांडले आहे. बायकांनी रचले पुष्कळ, ऐकले गेले थोडे.

स्वातंत्र्याच्या चळवळीत या कवितेला सभेचे मैदान मिळाले. १९४३ साली मोगादिशूत सोमाली तरुणांची संघटना उभी राहिली, पुढे ती सोमाली यूथ लीग म्हणून ओळखली गेली. कुळाचे नाव घ्यायचे नाही हा तिचा बाणा. बायकांनी तिच्यासाठी दागिने दिले, गाणी रचली, मोर्चे काढले. ११ जानेवारी १९४८ रोजी महायुद्धातल्या चार विजेत्या राष्ट्रांचे पथक देशाचे पुढे काय करायचे ते पाहायला मोगादिशूत आले असताना शहरात दंगल उसळली आणि तीत हावो ताको ही कार्यकर्ती मारली गेली. तिचा पुतळा नंतर मोगादिशूत उभा राहिला. सोमाली स्त्रियांच्या राजकीय वंशावळीत पहिले ठळक नाव घालायचे तर मी हिचे घालीन. ती तिच्या कुळासाठी मेली नाही. तिच्या मरणाने तिच्या कुळाला उंट मिळाले नाहीत.

मतदानाचा हक्क तुकड्यातुकड्याने आला. इटलीच्या ताब्यातल्या दक्षिण भागात स्त्रियांनी १९५८ च्या नगरपालिका निवडणुकीत मत दिले. ब्रिटिश सोमालीलँड होता त्या उत्तर भागातल्या स्त्रियांना त्यासाठी १९६३ उजाडावे लागले, म्हणजे स्वातंत्र्य आणि एकीकरण होऊन तीन वर्षे उलटल्यावर.

मग १९६९ साली सैन्याने सत्ता घेतली आणि या कहाणीतले सर्वांत अवघड वळण आले. सत्तेवर आलेल्या सियाद बारे याने वैज्ञानिक समाजवाद जाहीर केला. कुळवादाचा पुतळा करून त्याला जाहीरपणे मूठमाती देण्यात आली, समोरच्याला त्याचे कूळ विचारणे निषिद्ध ठरले. १९७२ साली सोमाली भाषेला लिपी मिळाली आणि साक्षरतेच्या मोहिमेत शहरातली हजारो मुले-मुली गुराख्यांच्या तळांवर शिकवायला गेली. हजारो बायकांना अक्षर-ओळख झाली ती तेव्हा. ११ जानेवारी १९७५ रोजी, हावो ताकोच्या स्मृतिदिनी, बारेने नवा कुटुंब कायदा घोषित केला: वारशात मुलाला आणि मुलीला समान वाटा, दुसरे लग्न करायचे तर न्यायालयाची परवानगी.

मशिदींतून विरोध सुरू झाला. वारशाचे वाटे कुराणात ठरवून दिलेले आहेत, ते बदलण्याचा अधिकार कोणाला नाही, असे मौलवींनी उघड सांगितले. सरकारने त्यांच्यापैकी दहा जणांना २३ जानेवारीला गोळ्या घातल्या. कायदा घोषित होऊन अवघे बारा दिवस झाले होते.

त्या दहा मृत्यूंची किंमत सोमाली स्त्रिया आजही मोजत आहेत असे मला वाटते. समान वारसा ही न्याय्य मागणी होती. पण ती कोणा बाईच्या तोंडून सभेत मांडली गेली नाही, तिच्यावर घरोघर वाद झाला नाही, धर्माच्या जाणकारांशी त्यांच्या भाषेत बोलणे झाले नाही. हुकूमशहाने ती फर्मानाने दिली आणि बंदुकीने पक्की केली. त्यानंतर कोणीही स्त्रीच्या हक्काचे नाव काढले की ऐकणाऱ्याला ते दहा शेख आठवत. १९७७ साली सरकारी पक्षाच्या छायेत सोमाली महिला लोकशाही संघटना निघाली. तिने प्रौढवर्ग, शिवणवर्ग आणि आरोग्यप्रचार यांत खरे काम केले, पण तिला सत्तेविरुद्ध बोलता येत नव्हते.

याच दशकात, या सरकारी घोषणांच्या पोटात, एक वेगळी वाट सुरू झाली. ती दोघींनी पाडली, एक सुईण आणि एक अभ्यासक.

सुईण म्हणजे एडना अदान इस्माईल. १९३७ साली हर्गेसात जन्मलेल्या, डॉक्टरची मुलगी, इंग्लंडला जाऊन शिकलेल्या पहिल्या सोमाली परिचारिका-सुईण. लहानपणी वडील परगावी असताना घरच्या बायकांनी त्यांचे गुप्तांग कापून शिवले होते. परत आल्यावर वडिलांना झालेला संताप आणि दुःख त्यांनी पाहिले आणि आपल्यावर झाले ते चूक होते, हे त्यांना तिथे कळले. १९७६ साली त्यांनी मोगादिशूत जाहीर व्यासपीठावरून या प्रथेबद्दल बोलायला सुरुवात केली. पुढे २००२ मध्ये हर्गेसात त्यांनी स्वतःच्या पैशातून आणि देणग्यांतून बाळंतपणाचे इस्पितळ उभारले.

अभ्यासक म्हणजे रकिया हाजी दुआले अब्दल्ला. त्यांचे ‘सिस्टर्स इन अफ्लिक्शन’ हे इंग्रजी पुस्तक १९८२ मध्ये लंडनच्या झेड प्रेसने काढले. त्याच वर्षी त्याच प्रकाशनाने सुदानच्या डॉ. अस्मा अल दरीर यांचे याच विषयावरचे पुस्तक काढले. आफ्रिकी स्त्रिया स्वतःच्या समाजातल्या या प्रथेवर स्वतः संशोधन करून लिहू लागल्या होत्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या स्त्रीवाद्यांनी त्यांची सुटका करण्याचा जो आव आणला होता त्याला हे उत्तर होते.

सोमालियात रूढ असलेला प्रकार सर्वांत कठोर. पाच ते नऊ वर्षांच्या मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापायचा आणि उरलेल्या कडा शिवून टाकायच्या, लघवी आणि पाळीपुरते लहानसे छिद्र ठेवायचे. लग्नानंतर ती शिवण उघडायची, बाळंतपणात पुन्हा कापायची. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अडलेली बाळंतपणे हे त्याचे शारीरिक परिणाम. लोक याला धर्माची आज्ञा मानत. रकिया यांनी प्रथेचा मागोवा धर्मापलीकडे नेला. इस्लामच्या आधीपासून ही रीत आहे आणि जगातले बहुसंख्य मुसलमान ती पाळत नाहीत, हे तर त्यांनी दाखवलेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचे मूळ त्यांनी कुटुंबाच्या रचनेत शोधले. जिथे सगळा हिशेब बापाच्या रक्तावर चालतो तिथे हे रक्त नक्की कोणाचे याची हमी लागते. ती हमी मुलीच्या देहावर टाके घालून घेतली जाते. वधूमूल्य, घराण्याची अब्रू, कौमार्य हे सगळे त्या एका धाग्यात ओवलेले आहे.

इथे ही कहाणी अब्तिर्सीला येऊन भिडते. ज्या नामावळीत बाईचे नाव नाही, ती नामावळ शुद्ध ठेवण्याचा भार बाईच्या शरीरावर आहे. सभेतून तिला वगळणे आणि तिचा देह शिवणे या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. रकिया यांच्या पुस्तकानंतर आरोग्याचा प्रश्न आणि सत्तेचा प्रश्न वेगळे ठेवता येणार नव्हते.

(या शोधाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. दाऊदी बोहरा समाजात मुलींची खतना होते. तीत शिवणे नसते, पण गुप्तता तशीच. मुंबईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या रेहाना घडियाली यांनी १९९१ साली ‘मानुषी’त त्यावर लेख लिहिला आणि अब्रूच्या याच कारणाकडे बोट दाखवले. त्या वेळी फार थोड्यांनी लक्ष दिले.)

मोगादिशूत महिला संघटनेने ऐंशीच्या दशकात प्रथेविरुद्ध मोहीम उघडली, डॉक्टर आणि धार्मिक नेते त्यात ओढले. काम रुळावर येत होते. पण १९८८ मध्ये बारेच्या विमानांनी उत्तरेतले हर्गेसा शहर उद्ध्वस्त केले, आणि जानेवारी १९९१ मध्ये तो स्वतः राजधानी सोडून पळाला. राज्य संपले. उरली ती कुळे, आणि त्यांच्या हातात बंदुका.

मोगादिशूत हवीये टोळ्यांनी दारूद कुळातली माणसे वेचून मारली, मग हवीयेंच्या दोन शाखा आपसात भिडल्या. बलात्कार हे शत्रू कुळाला हिणवण्याचे हत्यार झाले. ज्या बाईचे माहेर एका कुळाचे आणि सासर दुसऱ्या कुळाचे, तिला आता दोन्हीकडे संशयाने पाहू लागले. आशा हाजी एल्मी यांचे हेच झाले. त्यांचे माहेर हवीये, सासर दारूद. एका कुळाला त्या शत्रूची बायको वाटत, दुसऱ्याला शत्रूची लेक. एके काळी सोयरिकीचा पूल असलेली जागा आता कोणाचीच नव्हती. १९९२ मध्ये त्यांनी आणि वेगवेगळ्या कुळांतल्या काही जणींनी मिळून सोमाली स्त्रिया आणि मुलांसाठी संस्था काढली.

युद्धाने आणखी एक गोष्ट उलटी केली. पुरुष मेले, पळाले, टोळ्यांत गेले किंवा घरी बसले. पोट भरण्याची जबाबदारी बायकांवर आली. चहाची टपरी, कापडाचा व्यापार, खात या उत्तेजक पाल्याच्या जुड्या, सोन्याची देवघेव, दुबईहून माल आणणे, सगळे बायका करू लागल्या. उत्तरेतल्या अभ्यासक अमिना मोहमुद वारसामे यांनी या बदलाचा अभ्यास करून २००२ साली पुस्तक लिहिले, नाव ‘क्वीन्स विदाउट क्राउन्स’. घराचा खर्च बायकोच्या कमाईतून, निर्णय मात्र पुरुषांच्या सभेत, हे चित्र त्यांनी मांडले. त्याच उत्तरेत १९९३ साली बोरामा गावी महिनोन्‌महिने कुळाकुळांची परिषद चालली. उत्तरेत वेगळ्या झालेल्या सोमालीलँडची आजची व्यवस्था तिच्यातून निघाली, म्हणून तिचे कौतुक होते आणि ते रास्त आहे. पण मत देणारे सगळे पुरुष होते. परिषद चालावी म्हणून बायकांनी पैसे जमवले, जेवणे रांधली.

त्याच वर्षी मार्चमध्ये अदिस अबाबात पंधरा गटांच्या पुढाऱ्यांची बैठक भरली. पुरुषांचे जमेना, तेव्हा बायकांनी उपोषण केले. २७ मार्चच्या करारात ७४ जणांची हंगामी परिषद ठरली. अठरा प्रांतांतून प्रत्येकी तीन प्रतिनिधी आणि त्यांतली एक स्त्री, असे कलम त्यात आले. परिषद कधी भरलीच नाही. तरी अठरा जागांचे ते कलम पुढच्या मागणीचा पाया झाले.

मग इथिओपियातल्या सोदेरे गावी १९९६-९७ मध्ये साडेचारचे सूत्र ठरले. हवीये, दारूद, दिर आणि दिगिल-मिरिफ्ले या चार मोठ्या कुळांना प्रत्येकी एक पूर्ण वाटा, उरलेल्या साऱ्या लहान समूहांना मिळून अर्धा. देशाची सत्ता आता अधिकृतपणे बापजाद्यांच्या यादीवर वाटली जाणार होती. ज्यांचे नाव कुठल्याच यादीत येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न सोदेरेत कोणी विचारला नाही.

तो विचारला गेला जिबूतीतल्या अर्ता गावी, २००० साली. २ मेपासून महिनोन्‌महिने चाललेल्या त्या परिषदेत शंभराच्या आसपास स्त्रिया होत्या, पण त्या आपापल्या कुळाच्या मंडळातून आलेल्या. जागावाटपाची वेळ आली तसे त्यांच्या लक्षात आले की कूळ आपल्याला बोलावते ते संख्या भरायला, जागा देताना ते पुरुषाचेच नाव पुढे करणार. कारणही तयार होते: बाईला पाठवले तर ती नेमकी कोणाची, बापाच्या कुळाची की नवऱ्याच्या? ज्या दुहेरी नात्यामुळे तिने युद्धात निरोप न्यायचे, तेच आता तिच्या अपात्रतेचे कारण झाले.

आशा आणि इतरजणींनी हेच कारण हातात घेतले. आम्ही धड याही कुळाच्या नाही आणि त्याही कुळाच्या नाही असे तुम्हीच म्हणता, तर मग आमचे कूळ वेगळे मोजा. चार मोठी, पाचवा लहान समूहांचा गट आणि सहाव्या आम्ही. सगळ्या कुळांतल्या बायका एका गटात बसल्या आणि तो गट जागावाटपाच्या टेबलाशी इतर गटांसारखा बोलणी करू लागला. यातले बळ कशात आहे? त्यांनी कुळांच्या व्यवस्थेवर भाषण दिले नाही, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली कलमे वाचली नाहीत. परिषदेला जी एकच मोजणी समजत होती तिच्यात त्यांनी स्वतःला मोजून घेतले. १९७५ मध्ये वरून फर्मान आले होते. इथे मागणी सभेतून, सभेच्याच भाषेत आली. म्हणून ती टिकली.

२४५ जणांच्या हंगामी संसदेत चार मोठ्या कुळांना प्रत्येकी ४४ जागा मिळाल्या, लहान समूहांना २४, स्त्रियांना २५. उरलेल्या वीस जागा नंतर नेमणुकीने भरायच्या होत्या. कागदावर स्त्रियांचा गट लहान समूहांपेक्षा एका जागेने मोठा ठरला. मात्र त्या पंचवीस जागाही कुळाकुळांतच वाटल्या गेल्या. सहावे कूळ मान्य झाले तरी पहिल्या पाचांनी आपला हात काढून घेतला नव्हता.

पुढची परिषद केनियात भरली, २००२ पासून २००४ पर्यंत. २९ जानेवारी २००४ रोजी नैरोबीत झालेल्या करारावर आशा हाजी एल्मी यांची सही आहे. सोमाली शांतता करारावर सही करणारी ती पहिली स्त्री. जिच्या देहाने तह पुरे व्हायचे, तिच्यासारख्याच एका मुलीच्या नावाने आता तह मंजूर होत होता. या सहीला मी या सबंध मागोव्यातला सर्वांत मोठा क्षण मानतो. त्या वर्षी आशा खासदार झाल्या, २००८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, आणि मुलींचे शिवणे बंद करण्याची मोहीम त्यांच्या संस्थेने सोडली नाही.

त्यानंतरची वाट चढ-उतारांची. २००४ च्या सनदेत २७५ खासदारांपैकी किमान १२ टक्के स्त्रिया असाव्यात असे ठरले, प्रत्यक्षात तेवढ्या आल्या नाहीत. २०१२ पासून बोली ३० टक्क्यांची. २०१६-१७ मध्ये दोन्ही सभागृहांच्या ३२९ जागांपैकी ८० स्त्रियांकडे गेल्या, हा आजवरचा उच्चांक. पुढच्या खेपेला आकडा घसरला. जागा कोणाला द्यायची ते कुळांचे वडीलधारे ठरवत, आणि बाई दिली की जागा वाया गेली हे त्यांचे म्हणणे कायम होते. गायिका आणि खासदार सादो अली वारसामे यांना २०१४ मध्ये मोगादिशूत गोळ्या घालून मारले. खासदार अमिना मोहम्मद अब्दी २०२२ मध्ये बेलेदवेनेत बॉम्बस्फोटात गेल्या. त्यानंतर पाच आठवड्यांनी सादिया यासिन हाजी समतर लोकसभेच्या उपाध्यक्ष झाल्या, त्या पदावरची पहिली स्त्री.

२०१२ च्या हंगामी संविधानात मुलींचे अवयव कापणे ही छळाच्या बरोबरीची क्रूर प्रथा आहे आणि ती निषिद्ध आहे, असे स्पष्ट कलम घातले गेले. रकिया यांच्या पुस्तकानंतर तीस वर्षांनी ते आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ९९ टक्के स्त्रियांवर ही क्रिया झालेली आढळली. टाके घालण्याचा प्रकार तरुण मुलींत कमी होतो आहे, कापणे चालू आहे.

आता मोगादिशूत बोलले जाते ते साडेचारचे सूत्र मोडून थेट मतदान आणण्याबद्दल. कुळांची मोजणी गेली तर सहावे कूळ कशावर उभे राहणार, असा प्रश्न त्याबरोबर येतो. शेजारच्या सोमालीलँडने थेट मतदान करून पाहिले आहे. मे २०२१ च्या संसदीय निवडणुकीत ८२ जागा होत्या, १३ स्त्रिया उभ्या होत्या, मतदानाच्या रांगांत बायकांची गर्दी होती, आणि एकही स्त्री निवडून आली नाही. मतपेटीच्या आतही कूळच मत देत होते. म्हणून सोमाली स्त्रिया आज मागत आहेत ते तोंडी आश्वासन नव्हे. तीस टक्के जागा निवडणूक कायद्यात लिहा, त्या कोणी भरायच्या तेही लिहा, आणि त्यावर संसदेची मोहोर उठवा, एवढे त्यांचे म्हणणे आहे.